ऐंशीच्या वर नाही हं!

काय काळ आलाय बघा! पाहुण्यांच्या ताटात ‘एवढीशी तर आहे, घ्या हो’ म्हणत चौथी पुरणपोळी ढकलणारी आपली माणसं आता रात्री साडेअकराला पायात चपला सरकवून पार्किंगमध्ये उतरतात आणि दम देऊन सांगतात, ‘बास झालं. ऐंशीच्या वर नाही हं!’ कुणाला? मुलाला नाही, नवऱ्याला नाही, डायबेटिस असलेल्या सासऱ्यांना तर नाहीच नाही. गाडीला! दीड टन वजनाच्या, दारात मुकाट उभ्या असलेल्या गाडीला!

आणि आपण काय करतोय? गॅलरीच्या कठड्याला रेलून बघतोय. न बघून करणार काय? टीव्हीवर यापेक्षा बरं काही लागतं का?

पूर्वी कसं सरळ होतं. गाडी घेतली की शेजारी विचारायचा, ‘किती देते?’ आपण खऱ्या आकड्यात दोन-तीन मिसळून सांगायचो, तो मनातल्या मनात दोन-तीन वजा करायचा आणि विषय संपायचा. आता सासरेबुवा जावयाला दारातच गाठतात. ‘या जावईबापू. एसओएच किती?’ पोरगी कशी आहे, नातवाचा खोकला गेला का, सगळं राहिलं बाजूला. एसओएच म्हणजे स्टेट ऑफ हेल्थ. बॅटरी नवी असताना तिच्यात जेवढी वीज मावायची, त्याच्या किती टक्के आज मावते तो आकडा. ‘सत्त्याण्णव,’ म्हणताना जावयाची मान ताठ होते. ‘अरे वा! आमची अठ्ठ्याण्णव पॉइंट चार,’ असं सासरेबुवांनी म्हटलं की त्याच मानेचं काय होतं, ते परतीच्या प्रवासात त्याच्या बायकोला विचारा.

बरं, हा आकडा बऱ्याच गाड्यांच्या स्क्रीनवर दिसतच नाही. म्हणून माणसं गप्प बसतील? स्टिअरिंगखाली जिथे सर्व्हिस सेंटरवाले आपलं यंत्र जोडतात, त्या ओबीडी पोर्टमध्ये एक ब्लूटूथ डोंगल खुपसायचा, फोनवर ॲप उघडायचं आणि जे दिसेल ते पाहून धन्य व्हायचं. एकेका सेलचा व्होल्टेज! तोही तीन दशांश स्थळांपर्यंत. ३.२९१, ३.२९२, ३.२९१… आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांना सेल नंबर ६३ वर ३.२८८ दिसलं आणि दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. तीन मिलिव्होल्ट कमी! ज्या माणसाने स्वतःचं कोलेस्टेरॉल शेवटचं कधी तपासलं ते त्याच्या डॉक्टरांनाही आठवत नाही, तो सेल नंबर ६३ च्या काळजीने रात्री कूस बदलतोय. शेवटी वहिनी वैतागल्या. ‘अहो, रडतंय का ते? ताप आहे का त्याला? नाही ना? मग झोपा.’

पण खरी बहार आहे ती पंथांची. मराठी माणसं आणि एकमत? काही वर्षांपूर्वी घरोघरी डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे आणि ऋजुता दिवेकरांचे असे दोन तट पडले होते, आठवतंय ना? दिवसातून दोनदाच खायचं की दर दोन तासांनी थोडं थोडं, यावरून भावाभावांत बोलणं बंद व्हायची वेळ आली होती. ती सगळी मंडळी गेली कुठे, असं आपल्याला वाटत होतं. चार्जरवर गेली! तेच चेहरे, तोच आवेश, फक्त भाकरीच्या जागी वीज. एक तट म्हणतो, रोज रात्री लावायची, पन्नासची सत्तर करायची आणि काढायची. दुसरा म्हणतो, छे छे, आठवड्यातून एकदा, पण चांगली पोटभर, शंभर. लिफ्टमध्ये दोघं समोरासमोर आले की एकमेकांकडे अशा नजरेने बघतात, जणू समोरचा स्वतःच्या गाडीला विष घालतोय.

आणि गंमत सांगू? दोघंही बरोबर आहेत. हे कळल्यावर दोघंही नाराज होतात, कारण समोरचा चुकलेला नसेल तर मग आपल्या शहाणपणाला अर्थ काय?

त्याचं असं आहे, की सगळ्या बॅटऱ्या एका रसायनाच्या नसतात. एक निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली, एनएमसी. २०१९ मध्ये आपल्याकडे आलेल्या ह्युंदाई कोनात ती होती. हिला गळ्यापर्यंत भरलेलं सोसत नाही. शंभर टक्क्यांवर, त्यातून उन्हात, तासन्‌तास उभी राहिली की आतल्या रासायनिक कुरबुरी वाढतात. लिथियमचा थोडा थोडा हिस्सा इलेक्ट्रोडवरच्या थरात कायमचा अडकून बसतो आणि तेवढी क्षमता गेली ती गेलीच. हिला रोजच्याला वीस ते ऐंशीचं पथ्य मानवतं. प्रवासाला निघायच्या आधी शंभर केली तर काही आकाश कोसळत नाही. दुसरी लिथियम-आयर्न-फॉस्फेटवाली, एलएफपी. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या हाताखाली अक्षय पाधी या भारतीय संशोधकाने जिच्यावर काम केलं आणि १९९७ मध्ये जिच्यावरचा शोधनिबंध आला, ती ही. २०२० मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीत हीच बसवली होती. (गुडइनफ यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा त्यांचं वय ९७ होतं आणि २०२३ मध्ये ते गेले ते शंभरी पार करून. त्यांच्या एसओएचबद्दल कुणी बोलायचं काम नाही.)

ही एलएफपी स्वभावाने सोशिक, पण तिची एक खोड आहे. मधल्या बऱ्याच मोठ्या टप्प्यात तिचा व्होल्टेज जवळपास सपाट असतो. त्यामुळे आत नेमकी किती वीज उरली आहे हे गाडीच्या कॉम्प्युटरलाही धड कळत नाही. इतकी आत गेली, इतकी बाहेर आली, असा तो जमाखर्च मांडत बसतो. मधूनमधून शंभरपर्यंत भरली की त्याची शिल्लक जुळते. नाही भरली तर चूक वाढत जाते.

आता यातला कडवा भक्त बघा. गाडी एलएफपीची, आणि काका ऐंशीचं व्रत घेऊन बसलेले. महिनोन्‌महिने एकदाही शंभर नाही. ‘संयम लागतो, संयम,’ असं दूधवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना ऐकवून झालेलं. आणि एके दिवशी खोपोलीच्या चढावर, स्क्रीन अठरा टक्के सांगत असताना, गाडीने कासवाचं चित्र दाखवलं आणि जीवच सोडला. अठरा नव्हतेच, होते जेमतेम चार-पाच! पथ्य पाळणारा रस्त्याच्या कडेला, आणि पोटभर चारणारे बाजूने हॉर्न वाजवत खंडाळ्याला पोचले सुद्धा. वर टोइंगवाल्याने विचारावं, ‘काका, निघताना चार्जिंग केलं नव्हतं का?’ सांगा, यापरता अपमान आहे?

कोणत्या बॅटरीला काय मानवतं हे गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत छापलेलं असतं हो. पण पुस्तिका वाचली तर मग वाद कशावर घालायचा? ती ग्लोव्ह बॉक्समध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत, शोरूममधून आली तशी निजलेली असते.

आजोबांची पिढी तर तिसरंच टोक गाठून बसली आहे. ‘पूर्ण उतरू द्यावी, मगच लावावी.’ हे ज्ञान निकेल-कॅडमियमच्या जमान्यातलं, दाढीच्या मशीनमधून आणि कॉर्डलेस फोनमधून आलेलं. लिथियमला ती सवय नाही, उलट शून्यावर नेऊन तशीच उभी ठेवली तर तिचं नुकसानच. पण आजोबांना हे सांगायला जाणार कोण? तुम्ही? जा बघू.

आता चालवण्याकडे या. इथे तर शुद्ध कहर आहे. नागपूरचा मे महिना, पारा पंचेचाळीसला टेकलेला, हवेचा अडथळा नको म्हणून काचा वर, वीज खाते म्हणून एसी बंद, आत चार माणसं घामाने निथळताहेत आणि स्टिअरिंगवरचे महात्मा म्हणताहेत, ‘बॅटरी वाचतेय.’ दात कोरून कुणाचं पोट भरलंय का हो? एसी तासाभरात साधारण एक युनिट खाईल, फार तर थोडं वर. तीस युनिटच्या बॅटरीतलं एक! त्याने सहा-सात किलोमीटर कमी पडतील, बॅटरीच्या आयुष्याचं त्यात काहीही जात नाही. आणि वरची कडी ऐका. ज्या गाड्यांची बॅटरी पाण्याने गार ठेवतात, त्या गाड्या कडक उन्हात ते पाणी थंड करायला तोच एसीचा कॉम्प्रेसर चालवतात. म्हणजे सीटखाली बॅटरी गारवा खातेय आणि सीटवर सासूबाई वाळताहेत!

द्रुतगती महामार्गावर दुसरे एक साधुपुरुष भेटतात. ताशी शंभरची परवानगी असताना हे साठ-पासष्टने, एका मोठ्या ट्रकच्या पाठीला चिकटून चाललेले. का? तर ट्रक पुढची हवा फोडतो, मागे वारा कमी लागतो, वीज वाचते. वेग वाढला की हवेचा विरोध वर्गाच्या पटीत वाढतो हे खरं, शंभरऐवजी ऐंशीने गेलात तर रेंज चांगली वाढते हेही खरं. पण ट्रकने कच्चकन ब्रेक मारला तर? बॅटरीचा एसओएच शाबूत राहील, मालकाच्या एसओएचचं काय?

आणि ते रीजन! रीजन म्हणजे पाय उचलला की मोटरच उलटी वीज तयार करते, गाडी मंदावते आणि वीज बॅटरीत परत जाते. कल्पना झकासच. ब्रेकपॅड झिजत नाहीत, इतके की कित्येकदा डिस्कवर गंज धरतो. पण या मंडळींनी त्याचा धर्म केला आहे. ‘पुण्यापासून एकदाही ब्रेकला पाय लावला नाही,’ असं सांगताना चेहऱ्यावर जे तेज येतं, ते वारी पायी पुरी केलेल्या माणसाच्याही चेहऱ्यावर येत नाही. मागच्या सीटवर काय चाललंय? रीजन तीन नंबरवर ठेवलेलं, पाय उचलला की गाडी मागे खेचते, दाबला की पुढे झेपावते, आणि पसरणी घाटाच्या तिसऱ्या वळणावर आई म्हणते, ‘बाळा, थांब रे जरा.’ बॅटरी भरतेय, आईचं पोट रिकामं होतंय.

आणि मिळतं किती? हिशेब करू. पाचगणीवरून वाईला उतरताना साडेपाचशे-सहाशे मीटर खाली येतो. माणसांसकट सोळाशे किलोची गाडी धरली, तर एवढ्या उतारात जेमतेम अडीच युनिटची ऊर्जा असते. टायर, वारा, मोटर यांनी आपापला वाटा घेतला की हाती उरतं एखादं युनिट. म्हणजे एक कटिंग चहा. त्यासाठी आईला ओवा चघळायला लावायचा? आणि ज्याने पाचगणीच्या हॉटेलात रात्रभर फुकटची वीज मिळते म्हणून गाडी शंभरपर्यंत चोपून भरली, त्याला तर तेही नाही. भरलेल्या भांड्यात ओतणार कुठे? रीजन बंद, सगळा घाट ब्रेकवर. तिथे मात्र ऐंशीवाले खिडकीतून हात हलवत पुढे जातात.

पण हेच महाभाग शहरात आले की बघा. सिग्नल हिरवा झाला की स्पोर्ट मोड आणि ठ्ठो! विजेच्या मोटरला पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर असतो, गाडी आधीच जड, त्यामुळे टायर भराभर झिजतात. बॅटरीतला अर्धा टक्का जपायचा आणि टायरचा सेट वेळेआधी बदलायचा. मुंगी मारायची आणि हत्ती सोडायचा, ही आपली जुनीच रीत.

हे झालं रस्त्यावरचं. गणपतीला कोकणात जाल तेव्हा खरा सोहळा बघायला मिळेल. मुंबईहून गाडी गावच्या अंगणात येऊन थांबते. बाप्पा आत, सामान आत, माणसं मात्र सगळी बाहेर, गाडीभोवती. पंधरा अँपियरचा सॉकेट ओटीवर आहे, चार्जरची पेटी लावली, आणि पेटीवर लाल दिवा. अर्थिंग नाही! घराला वायरिंग आजोबांच्या वेळचं. टीव्ही चालतो, मिक्सर चालतो, पंप चालतो, आजवर कुणाचं काही अडलं नाही. पण ही मुंबईची बाई म्हणते, अर्थिंग दिसल्याशिवाय मी घोटभरसुद्धा घेणार नाही. मग शोध सुरू होतो. ‘अरे, अर्थिंगचा खड्डा कुठेय?’ ‘तो काय, कर्दळीच्या मागे.’ ‘पाणी घाला रे त्यात!’ काकी कळशी घेऊन येतात, पोरं बादल्या आणतात, कुणीतरी आठवण करून देतं म्हणून मूठभर मीठही पडतं. ओली माती, खारं पाणी, म्हणजे जमिनीशी जोड सुधारतो, त्यामुळे यात वेडेपणा काहीच नाही. पण दृश्य बघा! आरती खोळंबली आहे, भटजी ताटकळलेत आणि अख्खं घर एका खड्ड्याला न्हाऊ घालतंय. दिवा हिरवा झाला, की जो जल्लोष होतो तो मोदकांच्या ताटालाही नशिबी नसतो. (न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना जोडून पेटीला फसवणारे प्लग विकणारेही आहेत. त्या वाटेला जाऊ नका, त्यात चेष्टा नाही, जिवाशी खेळ आहे. गावातल्या वायरमनकडून अर्थिंग नीट करून घ्या.)

शहरात तर चौथ्या मजल्याच्या खिडकीतून, वाळत घातलेल्या साड्यांच्या मधून, खाली गाडीपर्यंत सोडलेली एक्स्टेन्शनची वायर आपण पाहिली आहे. पावसाळ्यात! ज्या गाडीला फास्ट चार्जर लागला तर ‘बॅटरी तापते हो’ म्हणून मालकाच्या पोटात गोळा येतो, तिची सगळी भिस्त शंभर रुपयांच्या चिकटपट्टीवर. सोसायटीच्या सभेत चार्जिंग पॉइंटचा विषय निघाला की काय होतं ते लिहायला बसलो तर दिवाळी अंक भरेल, तेव्हा तो विषय नकोच.

आणि एवढी जपणूक करून एके सकाळी गाडी सुरूच होत नाही. दार उघडत नाही, स्क्रीन काळा, सगळं ठप्प. मोठी बॅटरी? ठणठणीत, एकोणऐंशी टक्के. मग? मग गेलेली असते बॉनेटखालची छोटी, बारा व्होल्टची. हो, विजेच्या गाडीतही ती असते. कुलपं, दिवे, कॉम्प्युटर जागे करणं, मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारा कॉन्टॅक्टर ओढणं, ही कामं तिची. लाखो रुपयांच्या राणीला महालात कोंडून ठेवणारी काही हजारांची किल्ली! तिचा एसओएच कुणी विचारला होता? तिला डोंगल लावला होता? तिच्यासाठी कुणी रात्री चपला घालून खाली उतरलं होतं? तिला आजवर कुणी नावाने हाकसुद्धा मारली नाही. कशाला थांबेल ती?

आता म्हणाल, एवढं सगळं करून फायदा तरी होतो का? आकडे आहेत, पण ते ऐकून या मंडळींचा विरस होतो. वाहनांचा डेटा गोळा करणाऱ्या कॅनडाच्या जिओटॅब कंपनीने २०२४ मध्ये हजारो गाड्या तपासून सांगितलं, की बॅटरीची क्षमता सरासरी वर्षाला १.८ टक्के घटते. काही वर्षांपूर्वी हाच आकडा २.३ होता. १.८! आठ वर्षांत पंधरा टक्के सुद्धा धड होत नाहीत. नेक्सॉन ईव्हीच्या बॅटरीला पहिल्यापासून वॉरंटीच ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची होती. तोवर मालकाला त्या रंगाचा कंटाळा आलेला असतो.

अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी आणखी एक बॉम्ब टाकला. ९२ बॅटऱ्या दोन वर्षांहून जास्त काळ वापरून पाहिल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये ‘नेचर एनर्जी’त छापलं, की प्रयोगशाळेत एकसारख्या धारेने वीज काढली तर बॅटरी जेवढी टिकते, त्याहून खऱ्या रस्त्यासारखी, म्हणजे दाबा, सोडा, थांबा, परत दाबा, अशी वापरली तर जास्त टिकते. कुठे कुठे तर ३८ टक्क्यांपर्यंत जास्त! वाचलंत? थांबा, दाबा, थांबा! हे तर आपलं हिंजवडी झालं! जिथे माणसाचं आयुष्य रोज दोन तासांनी कमी होतं, तिथे बॅटरीचं वाढतं म्हणे. हिंजवडीकरांनो, पेढे वाटा.

मग घाबरायचं कशाला? उन्हाला. हे खरं दुखणं, आणि त्यावर मात्र कुणी व्रत करत नाही. निसान लीफची बॅटरी नुसत्या हवेवर गार व्हायची. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या भाजणाऱ्या उन्हात या गाड्यांच्या बॅटऱ्या इतक्या भरभर आटायला लागल्या की मालक थेट कोर्टात गेले. आपल्याकडे अकोला-चंद्रपूरला यापेक्षा फार वेगळं ऊन पडतं का? पण आपले भक्त काय करतात? रात्रभर काटेकोर ऐंशी सांभाळतात आणि दिवसभर गाडी ऑफिसच्या उघड्या पार्किंगमध्ये तापत ठेवतात, कारण सावलीतली जागा मिळवायला पंधरा मिनिटं आधी उठावं लागतं. काही जण तर झिजेल म्हणून गाडी बाहेरच काढत नाहीत. बॅटरी उभ्या-उभ्याही म्हातारी होते हो! ती वापरली नाही म्हणून कुणी तुम्हाला चांदीचं ताट देणार नाही.

आणि बाटगे! जुन्या भक्तांचं एक वेळ परवडलं, हे नवे बाटलेले फार जोरात बांग देतात. परवापर्यंत जे काका म्हणत होते, ‘आवाज नाही, धूर नाही, गिअर नाही, ही काय गाडी आहे? मिक्सर आहे मिक्सर!’ तेच आता सकाळी बागेत पाच जणांना घेरून कोबाल्टवर व्याख्यान देतात. ऑगस्ट २०२५ मध्ये अटल सेतूवर विजेच्या गाड्यांना टोलमाफी झाली, तेव्हापासून तर ते पलीकडे काही काम नसताना समुद्र ओलांडून येतात. ‘फुकट आहे!’ अहो, वीज फुकट आहे का? वेळ फुकट आहे का? असेल, त्यांचा असेल.

हसताय ना? हसा, हसा. पण जरा खिशातला तो फोन बाहेर काढा. २०२३ मध्ये आयफोन १५ आला तेव्हा त्यात ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय आली, आणि बाकीच्या बऱ्याच फोनांतही ती असते. सेटिंगमध्ये जा. बॅटरी. बघा, चालू आहे की नाही? कुणी केली? फोनने आपोआप केली म्हणता? आणि ती ‘बॅटरी हेल्थ’ची ओळ गेल्या आठवड्यात किती वेळा उघडलीत? ‘मॅक्झिमम कपॅसिटी ८९ टक्के’ वाचून जीव खालीवर झाला की नाही? गाडी नसेना का दारात, आपणही त्याच पंगतीला कधीच बसलोय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगीच नाही.

बघा हं, कुणाच्या व्रतात आपण आड येणार नाही. पार्किंगमध्ये काय ती साधना करा, डोंगल लावा, सेलची नावं ठेवा, बारशी करा. पण रस्त्यावरच्या फास्ट चार्जरवर हे चालणार नाही. तिथे ऐंशीपर्यंत वीज धबाधबा जाते, मग बॅटरी स्वतःच हात आखडता घेते, आणि वीसचे ऐंशी व्हायला जेवढा वेळ लागला, जवळपास तेवढाच शेवटच्या वीस टक्क्यांना लागतो. आणि नेमके तिथेच, वर्षभर घरी ऐंशीचा जप करणारे आपले सज्जन, ‘आलोय तर होऊ दे शंभर’ म्हणत फूड मॉलमध्ये जाऊन बसतात. गाडी सत्त्याण्णववर रेंगाळतेय, यांची बटाटावड्याची तिसरी प्लेट चालू आहे, आणि बाहेर उन्हात पाच गाड्या फोनवर फोन करताहेत. तेव्हा मेहेरबानी करा: पुढचा मुक्काम दूर नसेल तर ऐंशी दिसले की वडा पार्सल घ्या, गन काढून जागेवर लावा आणि गाडी हलवा. मागे लाइन आहे.